दारूगोळ्याच्या मुलखातली काटकसर

10 ऑक्टोबर 1951. कायदेमंत्रिपदाचा राजीनामा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे निवेदन काढलं, ते हिंदू कोड बिलामुळे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच निवेदनात लष्करी खर्चावरही लिहिलेलं आहे, आणि ते दीक्षाभूमीच्या या शहरातही क्वचितच कुणी वाचून दाखवतं. वर्षाला 350 कोटींचा महसूल, त्यातले सुमारे 180 कोटी सैन्यावर, असा हिशेब बाबासाहेबांनी मांडला होता. हा खर्च अवाढव्य आहे एवढं म्हणून ते थांबले नाहीत. हा आपल्या परराष्ट्र धोरणाचा थेट परिणाम आहे, अडीनडीला भरवसा ठेवावा असा मित्र आपण जोडला नाही म्हणून एवढा पैसा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं परराष्ट्र धोरणाबद्दलचं मत कुणाला पटो न पटो, प्रश्न विचारायची रीत मला पटते. सैन्य हवं की नको हा त्यांचा मुद्दाच नव्हता. पैसा कशापायी लागतो, हे ते विचारत होते.

आज तसं कुणी विचारलं की ऐकणारा आधी विचारणाऱ्याची निष्ठा तपासतो. त्यामुळे आकड्यांपर्यंत गाडी पोचतच नाही. म्हणून आधी आकडे.

2025-26 साठी केंद्राने संरक्षण मंत्रालयाला 6,81,210 कोटी रुपये दिले. एकूण अंदाजपत्रकाच्या 13.45 टक्के. बाबासाहेबांनी सांगितलेल्या निम्म्याहून जास्त वाट्याशी हे ताडून पाहिलं (महसूल आणि एकूण खर्च ही दोन वेगळी मोजमापं आहेत, हे मान्य) तरी सैन्य देशाला खाऊन टाकतंय ही ओरड टिकत नाही. त्याच वर्षासाठी केंद्राने नुसत्या व्याजापोटी पावणेतेरा लाख कोटी ठेवले, त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. संरक्षणाच्या दर 100 रुपयांतले साधारण 46 रुपये पगार, इंधन, दुरुस्ती, दारूगोळा अशा रोजच्या खर्चात जातात. 24 रुपये पेन्शनला. नवी विमानं, तोफा, जहाजं यासाठीचा भांडवली खर्च 26 रुपये. उरलेले चारेक रुपये सीमेवरचे रस्ते, तटरक्षक दल, मंत्रालयाचा इतर कारभार. म्हणजे 'संरक्षण खर्च' म्हटल्यावर डोळ्यांपुढे राफेल येतं, पण निम्म्याहून कितीतरी जास्त पैसा माणसांवर आणि त्यांच्या रोजच्या निगराणीवर जातो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

नागपुरात या वादाच्या दोन्ही बाजू एकाच घरात जेवायला बसतात. भाऊ कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमधून जाऊन आलेला, बहीण सरकारी दवाखान्यात परिचारिका. तिचं म्हणणं, एका विमानाच्या पैशात किती दवाखाने उभे राहतील ते सांगा. भावना खरी आहे, युक्तिवाद कच्चा. सार्वजनिक आरोग्य हा घटनेने राज्याकडे दिलेला विषय आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला 2025-26 मध्ये सुमारे 1 लाख कोटी मिळाले, ते कमीच आहेत. पण उद्या संरक्षणातले 20 हजार कोटी कापले तर ते आपोआप आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येतील, असा कुठलाही नळ जोडलेला नाही. ते वित्तीय तूट भरायला जातील, नाहीतर महामार्गाला. दवाखान्यासाठी भांडायचं तर दवाखान्याच्या नावानेच भांडावं लागेल.

भावाचं म्हणणं, चीनकडे बघा. बघितलंच पाहिजे. चीनने 2025 साठी स्वतःच जाहीर केलेला लष्करी खर्च आपल्या तिपटीच्या आसपास आहे. जून 2020 मध्ये गलवानला आपले 20 जवान गेले. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या 42 तुकड्या मंजूर आहेत, आणि 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 निवृत्त झाल्यावर 29 उरल्या. अशा स्थितीत खर्च कमी करा असं म्हणायची माझी तयारी नाही. पण 'जीडीपीच्या 3 टक्के द्या' ही जी मागणी दरवर्षी होते, तिचाही मला कंटाळा आला आहे. युरोपात तर नाटोच्या देशांनी 2025 च्या जूनमध्ये 2035 पर्यंत 5 टक्क्यांची शपथ घेतली. टक्का ही गरज नसते. गरज म्हणजे कोणत्या धोक्यासाठी काय हवं याची यादी, आणि आपल्याकडे सरकारने प्रसिद्ध केलेलं असं लेखी राष्ट्रीय सुरक्षा धोरण आजवर नाही. यादी नाही आणि वाद मात्र बिलाच्या रकमेवर.

शिवाय दिलेला पैसा तरी खर्च होतो का? 2024-25 मध्ये भांडवली खर्चासाठी 1,72,000 कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात ते 1,59,500 कोटींवर आले. साडेबारा हजार कोटी वापरलेच गेले नाहीत. 2021 च्या फेब्रुवारीत 83 तेजस विमानांचा सुमारे 48,000 कोटींचा करार झाला, विमानं 2024 च्या मार्चपासून यायची होती. इंजिनं वेळेवर आली नाहीत आणि तारीख पुढे पुढे सरकत गेली. 2025 च्या मे महिन्यात हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग उद्योगपतींच्या भर सभेत म्हणाले की वेळेवर पुरा झालेला एकही प्रकल्प आपल्याला आठवत नाही. गणवेशातला माणूस इतकं उघड बोलला, तरी आठवडाभरात सगळं थंड. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2017 मध्ये संसदेत सांगितलं होतं की दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकारांचा साठा दहा दिवस पुरेल एवढाही नाही. आणि जी संसद हे ऐकते, तिने 2018 आणि 2023 मध्ये सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेशिवाय, 'गिलोटिन' लावून, मिनिटांत मंजूर केल्या. आंधळं दळतंय, आणि पीठ कोण खातंय हे बघायलाही कुणी जात्यापाशी नाही.

आता माझा मुद्दा. खर्च वाढावा की घटावा या भांडणात एक गोष्ट हळूच घडते आहे. काटकसर होतेच आहे, फक्त ती वरून होत नाही, खालून होते. प्रकल्प चार वर्षं रखडला तर त्याची किंमत कुणाच्या खिशातून वसूल होत नाही. पण माणूस स्वस्तात कसा पडेल, यावर मात्र मन लावून काम झालेलं आहे.

अग्निपथ घ्या. पेन्शनचा बोजा मोठा आहे, हे खरं. 2025-26 मध्ये 1,60,795 कोटी, आणि घेणारे 34 लाखांवर. (त्यात संरक्षण खात्यातले मुलकी कर्मचारीही आहेत, हे कुणी सांगत नाही. फौजीच सगळं घेऊन जातो असा समज होऊन बसतो.) यावर 2022 च्या जूनमध्ये तोडगा निघाला: चार वर्षांची नोकरी, शंभरातले 25 कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी आणि नमस्कार. 2023 च्या ऑक्टोबरात बुलढाणा जिल्ह्यातला एक कोवळा अग्निवीर सियाचीनवर कर्तव्यावर असताना गेला. घरच्यांना विमा आणि सानुग्रह मिळून मोठी रक्कम मिळते, ते नाकारायचं कारण नाही. पण शेजारच्या खंदकातल्या कायम जवानाच्या विधवेला जी कुटुंब पेन्शन मिळते, ती अग्निवीराच्या आईबापाला नाही. बर्फ तोच, बंदूक तीच.

हे सैन्यातलं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर सभा झाल्या, निवडणुका लढल्या गेल्या. त्याचंच दुसरं रूप आमच्या मुलखात आहे, त्यावर कुणी फारसं बोलत नाही.

1962 च्या युद्धानंतर साठच्या दशकात विदर्भात आयुध निर्माणींची, म्हणजे सरकारी दारूगोळा कारखान्यांची, साखळी उभी राहिली. देशाच्या मधोमध, सीमेपासून लांब, म्हणून. तोफगोळ्याचं रिकामं कवच अंबाझरीच्या निर्माणीत तयार होतं, जिला नागपूरकर नुसतं 'डिफेन्स' म्हणतात. स्फोटक आणि प्रणोदक, म्हणजे गोळा पुढे ढकलणारी दारू, भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला. कवचात दारू भरायचं काम चांद्याला, म्हणजे भद्रावतीला. साठवण वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात. एक गोळा जन्मापासून कोठारापर्यंत विदर्भाची हद्द न ओलांडता जाऊ शकतो. 1 ऑक्टोबर 2021 ला सरकारने देशभरातल्या 41 निर्माणींच्या सात कंपन्या केल्या. त्यातली यंत्र इंडिया नागपुरातूनच चालते. भंडारा आणि चांदा पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले.

या निर्माणींत 'डीबीडब्ल्यू' नावाचं पद आहे, डेंजर बिल्डिंग वर्कर. डिफेन्समधून निवृत्त झालेले आमच्या वस्तीतले एक काका चांद्याला काही वर्षं होते, ते सांगतात तेव्हा ती इमारत डोळ्यांपुढे उभी राहते. एकेक इमारत सुटी, चहूबाजूंनी मातीचा उंच बांध. फाटकावर मोबाईल, काडेपेटी, किल्ल्या सगळं काढून ठेवायचं. बूट वेगळे, अंगातली स्थिर वीज जमिनीत उतरवणारे. आत शिरण्याआधी धातूच्या पट्टीला हात लावायचा. हत्यारं पितळेची नाहीतर तांब्याची, ठिणगी पडू नये म्हणून. आणि दारावर दोन आकडे रंगवलेले: आत एका वेळी माणसं किती, स्फोटक किती किलो. मी विचारलं, मातीचा बांध कशाला? काका म्हणाले, "तो बाजूच्या बिल्डिंगसाठी हाय बेटा. आतल्यासाठी नाही."

या कामाला पूर्वी कायम नोकरी होती. घरं 'डिफेन्स क्वार्टर'मधली, पोरं तिथल्याच शाळेत, निवृत्तीनंतर वाडी-दत्तवाडीला प्लॉट. आता कंपनीच्या जाहिराती निघतात त्या 'टेन्युअर बेसिस'वर: सुरुवातीला एक वर्ष, मग वाढवत वाढवत जास्तीत जास्त चार. अर्ज करणारी मुलं कोण? याच निर्माणींतून शिकाऊ उमेदवारी करून बाहेर पडलेली, काम येणारी. सीमेवर चार वर्षं, दारूगोळ्याच्या इमारतीत चार वर्षं. हा आकडा दोन्हीकडे एकच यावा हा योगायोग असेलही. पण ज्या कामात अनुभव म्हणजे जीव वाचणं, त्या कामात माणूस पुरता तयार झाला की त्याला घरी पाठवायचं, यात बचत नेमकी कसली? दात कोरून पोट भरत नाही. इथे तर दुसऱ्याचे दात कोरतोय आपण.

खासगी कारखान्यांत कायम-तात्पुरतं हा प्रश्नही उरलेला नाही, तिथे ठेकेदार असतो. अमरावती रोडने वाडीच्या पुढे निघालात की बाजारगाव, धामणा, कोंढाळी या पट्ट्यात स्फोटकांचे कारखाने आहेत. बरेचसे कोळसा खाणींसाठीचं स्फोटक करतात, काही आता सैन्यासाठीही. नागपूरच्या एका खासगी समूहाने बनवलेलं 'नागास्त्र-1', घिरट्या घालून लक्ष्यावर कोसळणारं छोटं मानवरहित अस्त्र, 2024 च्या जूनमध्ये सैन्याकडे गेलं. त्याचा अभिमान मलाही आहे. 2024-25 मध्ये देशाची संरक्षण निर्यात 23,622 कोटींवर गेली, त्यात या भागाचा हात आहे. कुठे दूर युद्ध पेटलं की इथल्या शेअरचा भाव चढतो, हेही आता सवयीचं झालं आहे.

पण याच पट्ट्याचा दुसरा हिशेबही मांडावा लागेल. 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या भांडारात आग लागली, दोन अधिकाऱ्यांसह जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी गेले. 20 नोव्हेंबर 2018 ला तिथल्याच मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा जण गेले, त्यात आजूबाजूच्या गावांतले ठेक्यावरचे मजूर होते. 17 डिसेंबर 2023, रविवार, बाजारगावच्या एका खासगी कारखान्यात नऊ मृत्यू, त्यात सहा बाया. तो विभाग खाणीच्या स्फोटकांच्या पॅकिंगचा होता, सैन्याच्या मालाचा नव्हता, पण आवार, कामगार आणि शिस्त वेगळी नसते. नागपुरात तेव्हा हिवाळी अधिवेशन चालू होतं, सगळं सरकार तासाभराच्या अंतरावर. पाच लाखांची मदत जाहीर झाली. पुढच्या जूनमध्ये धामण्यात पुन्हा तेच. 24 जानेवारी 2025 ला, प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधी, जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट होऊन छत कोसळलं, आठ कामगार गेले.

यातला कुठलाही जीव 'संरक्षण खर्चा'च्या कुठल्या रकान्यात दिसतो? नाही दिसत. 6,81,210 कोटींमध्ये तो नाही. म्हणून मी म्हणतो, आपला दारूगोळा कागदावर दिसतो तेवढा स्वस्त नाही. त्याच्या किमतीतला एक भाग बाजारगाव नि जवाहरनगरच्या आसपासची घरं परस्पर भरतात.

याचं मूळ खरेदीच्या पद्धतीत आहे. तांत्रिक परीक्षेत उतरलेल्यांपैकी ज्याची बोली सर्वांत कमी तो 'एल-वन', काम त्याला. सरकारी पैशाच्या दृष्टीने पद्धत रास्त आहे, नाहीतर वशिलेबाजीला रान मोकळं. पण स्पर्धेत भाव कुठून उतरवायचा? पोलाद, रसायनं, वीज सगळ्यांना जवळपास एकाच दराने मिळते. उरतो माणूस. कायमऐवजी ठेक्याचा, प्रशिक्षण महिन्याऐवजी आठवड्याचं, चौघांच्या कामाला तिघं, नाहीतर चौघांच्या खोलीत सहा. जो कारखानदार हे सगळं नीट करेल त्याची बोली वर जाते आणि कंत्राट हातचं जातं. म्हणजे दोष एकेका मालकाच्या दानतीत शोधून भागणार नाही. आपण निविदाच अशी काढतो की सुरक्षितता हा तोट्याचा धंदा ठरतो.

यावर उपाय फार अवघड नाही. सुरक्षिततेचा खर्च बोलीतून वेगळा काढा, तो सगळ्यांना सारखा आणि ठरलेला असू द्या, त्यावर स्पर्धाच नको. धोक्याच्या इमारतीत ठेकेदाराचा माणूस जाणार नाही, आणि चार वर्षांत घरी पाठवला जाणार नाही, अशी अट करारातच घाला. गोळा महाग पडेल? पडेल थोडा. जे साडेबारा हजार कोटी एका वर्षात खर्चच झाले नाहीत, त्यातला लहानसा तुकडा त्याला पुरला असता.

हे लिहिलं की दोन उत्तरं ठरलेली. पहिलं, रोजगार. नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानांचे भाग बनतात, कारखाने येतात, पोरांना काम मिळतं, तुम्ही खोडा घालू नका. काम मिळतं हे खरंच आहे. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना कोंढाळीच्या बसमध्ये बसवणारी दुसरी नोकरी या भागात आहे कुठे? पण मग ती नोकरी म्हणून मोजा, उपकार म्हणून नको. बेरोजगारी आहे म्हणून कुणीही काहीही करायला तयार होईल, हा धोरणाचा पाया होऊ शकत नाही. दुसरं उत्तर, गोपनीयता. सैन्याचं काम आहे, सगळं उघड करता येत नाही. पिनाका रॉकेटचा पल्ला, गोळ्याची रचना, साठा कुठे किती, हे सांगू नका. कोण मागतंय? पण अमुक इमारतीच्या दारावर माणसांचा आकडा किती होता आणि स्फोटाच्या वेळी आत किती होते, हे शत्रूला कळून त्याचा काय फायदा होणार आहे? चौकशा होतात, पण अहवाल लोकांपर्यंत सहसा पोचतच नाहीत. यात राखलं जाणारं गुपित शत्रूपासून नसून आपल्यापासून आहे.

संरक्षण खर्चावर प्रश्न विचारला की सैन्याचं मनोबल खचतं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तोफेच्या मागे उभ्या असलेल्या जवानाचाही विचार करावा. त्याच्या हातात येणारा गोळा ज्याने भरला, तो थकलेला होता की ताजा, शिकलेला होता की कालच लागलेला, याच्याशी त्या जवानाच्या जिवाचा थेट संबंध आहे. सदोष गोळा नळीतच फुटला तर आधी मरतो तो आपलाच माणूस.

यात राज्याचा वाटाही आहे, आणि तो नागपूरकरांच्या हाताशी आहे. खासगी कारखान्यांची तपासणी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे येते. दर डिसेंबरात विधिमंडळ इथे भरतं. विदर्भातल्या आमदारांनी तिथे अनुशेषावर भाषणं जरूर करावीत, पण त्या संचालनालयात निरीक्षकांची पदं मंजूर किती आणि भरलेली किती, मागच्या बारा महिन्यांत स्फोटकांच्या किती कारखान्यांत निरीक्षक प्रत्यक्ष आत गेला, काय आढळलं, कुणाचं काम थांबवलं, हा लेखी प्रश्नही टाकावा. निर्माणींतल्या टेन्युअर भरतीबद्दल आणि निविदांतल्या सुरक्षिततेच्या अटींबद्दल खासदारांनी दिल्लीत विचारावं, मागण्यांवर गिलोटिन पडायच्या आत. आणि स्फोटकांचा परवाना? तो देणाऱ्या केंद्राच्या 'पेसो'चं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय दिल्लीत नाही, मुंबईत नाही. इथेच नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. विधान भवनापासून ऑटोने जाता येतं.